खडकवासला : लष्करी अभियंत्यांनी बांधलेलं धरण ८२ वर्षांनी कसं फुटलं?

पावसाळा जोरात असला की पुणेकरांच्या मोबाइलवर दर काही तासांनी एक ओळ झळकते : 'खडकवासल्यातून मुठा नदीत विसर्ग वाढवला, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं.' हजारो क्युसेकचे आकडे येतात, लोक वाचतात आणि पुढे जातात.

हे धरण ब्रिटिश सैन्याच्या अभियंत्यांनी बांधलं होतं. त्यांनी बांधलेली भिंत ८२ वर्षं उभी राहिली आणि १२ जुलै १९६१ रोजी काही तासांत फुटली. त्या दिवशी अर्धं पुणे पाण्याखाली गेलं. भिंतीचा फुटलेला भाग पुरानंतर नव्यानं उभा केलेला आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरसारख्या गावात बसून ही बातमी लांबची वाटू शकते. अक्कलकुवा तालुक्यात धरण म्हटलं की आधी सरदार सरोवर आठवतं, त्यात बुडालेलं मणिबेली आठवतं. पण एक योगायोग पाहा. त्याच सरदार सरोवराची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ५ एप्रिल १९६१ रोजी बसली. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणं एकाच दिवशी गेली. धरणाच्या वर राहणाऱ्यांना बुडिताची भीती असते आणि खाली राहणाऱ्यांना फुटण्याची. खडकवासल्याची गोष्ट या दुसऱ्या भीतीची आहे.

धरण बांधायला सैन्यातले अभियंते का?

आज धरण म्हटलं की जलसंपदा विभाग डोळ्यासमोर येतो. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानात असं स्वतंत्र खातंच नव्हतं. रस्ते, पूल, कालवे, बराकी ही सगळी कामं कंपनी सरकारच्या लष्करातल्या अभियंत्यांकडे असत. सार्वजनिक बांधकाम खातं सुरू झालं ते १८५४ च्या सुमारास, लॉर्ड डलहौसीच्या काळात. त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. पुढे त्याचंच सीओईपी झालं. त्याआधी १८४७ मध्ये रुरकीचं कॉलेज निघालं होतं. पण या संस्थांमधून पुरेसे अभियंते तयार होईपर्यंत मोठी कामं गणवेशातल्या माणसांकडेच राहिली.

गोदावरीवर दवळेश्वरम इथं बांध घालणारे आर्थर कॉटन मद्रास इंजिनिअर्सचे होते. गंगा कालवा काढणारे प्रोबी कॉटली बंगाल तोफखान्यातले. मुल्लपेरियार धरण बांधणारे जॉन पेनिक्विक रॉयल इंजिनिअर्सचे. १८५७ नंतर कंपनीचं राज्य गेलं आणि 'बॉम्बे इंजिनिअर्स'चे अधिकारीही रॉयल इंजिनिअर्समध्ये सामील झाले. याच परंपरेतले जे. जी. फाइफ हे खडकवासल्याचे कर्ते. पुण्याला येण्याआधी सिंधमधल्या कालव्यांवर त्यांनी बरंच काम केलं होतं.

जागा खडकवासलाच का?

पुणे, खडकी या लष्करी छावण्या आणि वाढतं शहर यांना पाण्याची भरवशाची सोय नव्हती. पेशवेकाळात कात्रजच्या तलावातून नळानं पाणी आणून शहरातल्या हौदांत सोडलं जाई, पण ते पेठांपुरतं होतं. पुण्याच्या पूर्वेला हवेली, दौंडकडचा पट्टा तर कायम पावसाच्या भरवशावर. अशा वेळी १८६०च्या दशकात फाइफ यांच्याकडे मुठेच्या खोऱ्याची पाहणी सोपवण्यात आली.

हिशोब सरळ होता. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि ५०-६० किलोमीटर पूर्वेला आलं की तो निम्म्याहून कमी होतो. पश्चिमेचं पाणी अडवायचं आणि कालव्यानं पूर्वेला न्यायचं. पुण्याच्या नैऋत्येला, साधारण १७ ते २० किलोमीटरवर, खडकवासला गावाजवळ खाली घट्ट खडक मिळत होता. शिवाय ही जागा शहरापेक्षा उंचावर असल्यानं पंपाशिवाय, केवळ उतारानं पाणी पुण्यात येणार होतं.

१८६९ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १८७९ पर्यंत चाललं. मधल्या काळात, १८७६ ते ७८ मध्ये, दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला आणि अशा धरणाची गरज किती आहे ते साऱ्यांना कळून चुकलं. तयार झालेल्या जलाशयाला नाव मिळालं 'लेक फाइफ'. उजवा कालवा पुणे शहरातून हडपसरच्या पुढे दौंडकडे गेला, तर डावा कालवा खडकीच्या बाजूला.

भिंत कशी होती?

चुन्यात बसवलेल्या दगडांची. दगड घडवून थरावर थर रचलेले नव्हते. ओबडधोबड दगड एकमेकांत बसवून त्यांच्या फटींत चुना भरलेला होता. सांडव्यासह भिंतीची लांबी दीड किलोमीटरहून अधिक आणि पायापासूनची उंची सुमारे १०८ फूट, म्हणजे जवळपास ३३ मीटर. त्या काळात एवढं मोठं दगडी धरण ही साधी गोष्ट नव्हती.

अशी भिंत उभी राहते ती स्वतःच्या वजनावर. पाणी तिला ढकलतं आणि तिचं वजन तिला जागेवर धरून ठेवतं. पाण्याचा हा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाणी १५ मीटर खोल असेल तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर सुमारे ११२ टन रेटा येतो. तेच पाणी ३० मीटर झालं की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो : सुमारे ४५० टन. म्हणून भरलेल्या धरणात वरचे शेवटचे दोन-तीन मीटर सर्वांत धोक्याचे असतात.

अडचण अशी होती की, दगडी धरणाचं शास्त्र तेव्हा घडतच होतं. १८७२ मध्ये प्रसिद्ध शास्त्रज्ञ रँकिन यांनी अशा भिंतीच्या छेदाबद्दल महत्त्वाचा अहवाल लिहिला. विचारणा मुंबई पालिकेत काम करणारे रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन टुलॉक यांनी केली होती. तोपर्यंत खडकवासल्याचं काम सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. भिंतीच्या पायात शिरणारं पाणी तिला खालून उचलू पाहतं, हे तर अभियंत्यांना नीट उमगलं ते १८९५ मध्ये फ्रान्समधलं बुझे धरण फुटल्यावर.

खडकवासल्याच्या भिंतीच्या मजबुतीबद्दल त्याच काळात शंका निर्माण झाली होती. त्यामुळे तिच्या खालच्या अंगाला आधारासाठी मातीचा भराव घालण्यात आला. हा इतिहास १९६१ ची घटना समजून घेताना लक्षात ठेवायला हवा.

विश्वेश्वरय्या यांचा संबंध काय?

पुण्याच्याच कॉलेजातून १८८३ मध्ये अभियंता झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. दर पावसाळ्यात लेक फाइफच्या सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचं पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्याला टंचाई भासे. धरणाची उंची वाढवणं खर्चिक होतं आणि आधीच शंकास्पद ठरलेल्या भिंतीवर नवा भार टाकणं धोक्याचंही होतं.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची युक्ती काढली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत येईतो दरवाजे बंद राहत. त्यावर चढलं की पाण्याच्याच जोरावर ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. १९०३ मध्ये खडकवासल्यात हे दरवाजे बसले आणि पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढवता आली. या शोधाचं पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचं मानधन घेणं त्यांना पटलं नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणांवरही अशा प्रकारचे दरवाजे बसवले गेले.

धरणाच्या आसपास नंतर संस्थाही उभ्या राहिल्या. १९१६ मध्ये सुरू झालेलं आणि आज 'सीडब्ल्यूपीआरएस' म्हणून ओळखलं जाणारं जलसंशोधन केंद्र खडकवासल्यालाच आलं. नद्या आणि धरणांची छोटी प्रतिरूपं करून त्यांवर प्रयोग करायला लागणारं पाणी तिथं हाताशी होतं. १९५५ मध्ये जलाशयाच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं उद्घाटन झालं. एनडीएचे छात्र आजही याच पाण्यात नौकानयन शिकतात. लष्करानं बांधलेलं धरण असं पुन्हा लष्कराच्या शेजारी आलं.

१२ जुलै १९६१ ला नेमकं काय झालं?

स्वातंत्र्यानंतर पुणे वाढत होतं आणि खडकवासल्याचं पाणी पुरेनासं झालं होतं. म्हणून वरच्या बाजूला, मुठेला येऊन मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेतचं मातीचं धरण बांधायला घेतलं. १९६१ च्या पावसाळ्यात काही कामं अपुरी असतानाच त्यात पहिल्यांदा पाणी साठलं.

त्या वर्षी जून-जुलैत पाऊस प्रचंड होता आणि पातळी भराभर चढत गेली. पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे हलवण्याची यंत्रणा पूर्ण झालेली नव्हती. मोरीतून पाणी हिसके देत जोरात वाहू लागलं आणि तिच्या वरचा मातीचा भराव खचत गेला. दगडी धरण आणि मातीचं धरण यांतला फरक इथं कळतो. दगडी भिंतीवरून थोडा वेळ पाणी वाहिलं तरी ती तग धरू शकते. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं की ते माती कापत जातं, आणि मग ते थांबवता येत नाही.

लष्कराला बोलावण्यात आलं. जवानांनी रात्रभर पावसात, खचणाऱ्या भरावावर वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही, पण ते फुटण्याची घटका पुढे ढकलली गेली. १२ जुलैला, बुधवारी, सकाळी पानशेत फुटलं. लोक झोपेत असताना मध्यरात्री ते फुटलं असतं तर किती माणसं गेली असती, याचा विचारही करवत नाही.

पानशेतचं सगळं पाणी आता खाली खडकवासल्याकडे निघालं. आजच्या साठवण क्षमतेचे आकडे पाहिले तर फरक ध्यानात येतो. पानशेतचा उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी आहे आणि खडकवासल्याचा फक्त १.९७ टीएमसी. बादलीतलं पाणी तांब्यात ओतावं तसा हा प्रकार होता. सांडवा आणि दरवाजे एवढ्या पाण्यासाठी बांधलेलेच नव्हते. पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागलं. चुन्यात बांधलेल्या त्या भिंतीनं काही तास तो लोंढा अडवून धरला आणि दुपारी तीही फुटली.

म्हणजे ज्या भिंतीच्या मजबुतीवर ती बांधणाऱ्यांच्याच काळात शंका घेतली गेली, ती स्वतःच्या दोषानं पडली नाही. रचनेच्या हिशोबात कधीच नसलेलं पाणी तिच्यावर येऊन आदळलं. तिनं धरलेल्या तासांत शहरातल्या कित्येकांना घर सोडून उंचावर जायला वेळ मिळाला.

पुण्यात किती नुकसान झालं?

नारायण, शनिवार, कसबा अशा नदीलगतच्या पेठा आणि डेक्कनचा सखल भाग पाण्यात बुडाला. मातीचे, लाकडी वाडे भिजून कोसळले. पूल पाण्याखाली गेल्यानं शहराचे दोन तुकडे झाले. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. हजारो कुटुंबं मात्र बेघर झाली, हे निर्विवाद.

पूर ओसरल्यावर वेगळंच संकट समोर आलं. शहराला पाणी देणारं धरणच उरलं नव्हतं. महापुरात बुडालेल्या शहरात प्यायला पाणी नव्हतं. वाड्यांतल्या वापरात नसलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या.

बेघरांसाठी निसेन हट उभारल्या गेल्या. अर्धगोल पत्र्याची ही घरं मुळात पहिल्या महायुद्धात रॉयल इंजिनिअर्सच्या पीटर निसेन या अधिकाऱ्यानं सैनिकांसाठी तयार केली होती. त्याच रॉयल इंजिनिअर्सनी बांधलेलं धरण फुटल्यावर लोक त्यांच्याच रचनेच्या छपराखाली राहिले. पुढे गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. आज पुण्यात अनेकांच्या पत्त्यात जे नगर लिहिलेलं असतं, त्यामागे हा पूर आहे.

चौकशीसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांचे आयोग नेमले गेले. पानशेत पुन्हा बांधलं गेलं, खडकवासल्याची फुटलेली भिंत उभी राहिली आणि वरच्या बाजूला वरसगाव व टेमघर या धरणांची भर पडली. आज या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९.१५ टीएमसी आहे. त्यातलं सर्वांत लहान धरण खडकवासला, आणि सगळ्यांचं पाणी शेवटी त्यातूनच खाली जातं.

विसर्गाचा आकडा वाचायचा कसा?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर.

आता हिशोब करू. खडकवासला पूर्ण भरलेलं आहे, वरून एक थेंबही येत नाही आणि २० हजार क्युसेकनं पाणी सोडलं, तर उपयुक्त साठा संपायला साधारण २७ तास लागतील. उलट बाजूनं पाहिलं तर रिकामं खडकवासला २० हजार क्युसेकच्या आवकेनं एका दिवसात जवळपास भरतं. म्हणजे मुसळधार पावसात पाणी 'रोखून धरण्याची' ताकद या धरणात फारशी नाही. वरून जेवढं येतं तेवढं खाली सोडावं लागतं, आणि निर्णय घ्यायला वेळ थोडा असतो.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे याचा अनुभव आला. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांचे तळमजले पाण्यात गेले. सूचना वेळेत मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. मदतीसाठी तिथंही लष्कराच्या तुकड्या आल्या. धरण सुरक्षित होतं, भिंतीला तडाही नव्हता. तरी घरात पाणी शिरलं, कारण नदीच्या पात्रालगत वस्ती आली आहे.

आता कायदा काय सांगतो?

पानशेतनंतर अनेक दशकं धरण सुरक्षेसाठी देशपातळीवर कायदा नव्हता. तो डिसेंबर २०२१ मध्ये आला. १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं आणि काही निकषांत बसणारी १० ते १५ मीटर उंचीची धरणं त्याच्या कक्षेत येतात. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं, धरण फुटल्यास पाणी कुठवर आणि किती वेळात पोहोचेल याचा अभ्यास करणं आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवणं, ही धरणाच्या मालकाची जबाबदारी आहे. जुन्या धरणांना आराखड्यासाठी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे.

लहान धरणांकडे मात्र दुर्लक्ष होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि झोपेतली माणसं वाहून गेली. धरण गळत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

तुमच्या गावाच्या वर धरण असेल तर काय विचारायचं?

खडकवासला असो, उकाई असो की तालुक्यातला एखादा लघुप्रकल्प, प्रश्न सारखेच आहेत. धरणाची यंदाची पावसाळापूर्व तपासणी झाली का? त्याचे दरवाजे आणि मोरीची यंत्रणा चालते का? पानशेतला घात इथंच झाला. आपत्कालीन आराखड्यात आपल्या गावाचं नाव आहे का? असेल तर इशारा कोण देणार, कसा देणार आणि उंचावर जायची जागा कोणती?

घर नदीकाठी असेल तर निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन्ही रेषा नैसर्गिक पुराच्या हिशोबानं आखल्या जातात. धरण फुटल्यावर येणारं पाणी त्यांच्याही पलीकडे जाऊ शकतं. ते कुठवर जाईल, हे त्या धरणाच्या आपत्कालीन आराखड्यातच कळतं. म्हणून तो आराखडा कार्यालयाच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचला आहे का, हे विचारायला हवं. आणि विचारायची वेळ पावसाळ्याच्या आधीची आहे.